कपाटाची किल्ली

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी खेड्यातून सोलापुरात कॉलेजात शिकायला आलो होतो. आमच्या गावात पुस्तक म्हणजे एक तर शाळेचे, नाही तर देवळातली पोथी. श्रावणात हरिविजय नाही तर पांडवप्रताप लागायचा, आणि वाचन झाले की पोथी रुमालात बांधून पुन्हा फळीवर जायची. पुस्तक हे कुणीतरी वाचावे आणि आपण ऐकावे, इतकाच माझा पुस्तकांशी परिचय.

इतिहासाच्या सरांनी एकदा निबंध लिहायला सांगितला. विषय होता, सोलापूरचा मार्शल लॉ. क्रमिक पुस्तकात त्यावर चार ओळी होत्या. मे १९३० मध्ये शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. संपले. सर म्हणाले, ‘या चार ओळींच्या पलीकडे जा. ग्रंथालयात शोधा.’

मी ग्रंथालयाच्या खिडकीशी गेलो. खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढे भोक. आत कपाटांच्या रांगा आणि प्रत्येकाला कुलूप.

‘मार्शल लॉवरचं पुस्तक पाहिजे.’

‘नाव सांगा.’

‘नाव माहीत नाही.’

‘लेखक?’

‘तेही माहीत नाही.’

‘मग चिठ्ठी कशी भरणार? चला, पुढचा!’

असे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी पुस्तकांवरची धूळ झटकणारे एक वयस्क शिपाईमामा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘अरे बाळा, तुला पुस्तकाचं नाव ठाऊक नाही, पण विषय ठाऊक आहे ना? मग हा खण उघड की!’ आणि त्यांनी भिंतीलगतच्या लाकडी खणांकडे बोट दाखवले. त्यात कार्डे लावलेली होती. काही लेखकाच्या नावाने, काही विषयाच्या नावाने. ‘सोलापूर’ या शब्दाखाली मला तीन पुस्तके सापडली. तीन दिवस मी त्याच खणांना टेकून उभा होतो! ते खण ऑफिसचे असतील, आपण हात लावायचा नसतो, अशी माझी समजूत होती. कपाटाला कुलूप होते, पण खणाला नव्हते. हे मला कुणी सांगितले नव्हते, एवढेच.

पुढे मी स्वतः शिकवू लागलो, आणि तो प्रसंग माझ्या मनातून गेला नाही. कारण तो एकट्या माझा नव्हता. खेड्यातून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या हजारो मुलामुलींचा होता. आपल्याकडे विद्यापीठांनी ग्रंथालये बांधली, पुस्तके विकत घेतली, नियम केले. पण विद्यार्थ्याला शोधायला कोणी शिकवायचे, हा प्रश्न दर वेळी शेवटी राहून गेला. आपल्या भागात पूर्वी ज्वारी पेवात ठेवीत. वरून माती लिंपलेली. तोंड कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याचेच ते धान्य. ज्ञानाच्या पेवाचे तोंड कुणाला ठाऊक होते आणि कुणाला नव्हते, त्याची ही कहाणी आज सांगायची आहे.

पुस्तक कुलपात ठेवण्याची रीत काही एकट्या आपली नाही. युरोपातल्या जुन्या मठांतून आणि विद्यालयांतून ग्रंथ फळीला साखळीने बांधून ठेवीत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या चर्चमध्ये ती साखळदंडी ग्रंथशाळा अजून पाहायला मिळते. तेव्हा ग्रंथ हाताने लिहावे लागत. एक ग्रंथ म्हणजे कित्येक महिन्यांचे श्रम. चोरीची भीती वाटणे साहजिक होते.

आपल्याकडे तर याहून नवलाची गोष्ट घडली. महानुभाव पंथाने मराठी गद्याचे पहिलेवहिले धन निर्माण केले. म्हाइंभटाचे लीळाचरित्र त्यातलेच. पण पुढे पंथातले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले जाऊ लागले. कपाटाला कुलूप नव्हते, अक्षरालाच कुलूप! पोथी हातात आली तरी परक्याला वाचता येऊ नये, अशी ती व्यवस्था. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे अशा अभ्यासकांच्या खटपटीने हे धन पंथाबाहेरच्या वाचकांपुढे आले. आणि ध्यानात घ्या, हे भावे म्हणजे तेच, ज्यांनी १८९३ साली ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापण्यात पुढाकार घेतला. लिपीचे कुलूप काढणारा माणूस आणि सार्वजनिक ग्रंथालय काढणारा माणूस एकच असावा, हा मला योगायोग वाटत नाही. पुस्तक लोकांचे आहे, ही एकच ओढ दोन्हीमागे होती.

आता विद्यापीठांकडे वळू.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याला वाटते, विद्यापीठ म्हणजे वर्ग, प्राध्यापक, ग्रंथालय. तसे काही नव्हते. ते विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवायचे कॉलेजांनी, पुस्तके कॉलेजांनी आणायची, विद्यापीठाने पेपर काढायचे. १८६२ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे पहिले पदवीधर बाहेर पडले, तेव्हा विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती आणि ग्रंथालयही नव्हते.

१८६४ साली कापसाच्या तेजीच्या दिवसांत शेठ प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि वर आणखी दोन लाख मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. १८६९ साली पाया घातला गेला, १८७८ साली बांधकाम पुरे झाले, आणि १८८० साली ग्रंथालय उघडले. म्हणजे विद्यापीठ निघाल्यावर तेवीस वर्षांनी! मुंबईला गेलेल्या प्रत्येकाला राजाबाई टॉवरचे घड्याळ ठाऊक आहे. त्या घड्याळाखाली ग्रंथालय आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. इथून मुंबई साडेचारशे किलोमीटर. सोलापूरच्या मुलाने मुंबई विद्यापीठाची परीक्षा द्यायची, पण मुंबई विद्यापीठाचे पुस्तक मात्र त्याला दिसायचे नाही. मग तो काय करणार? नेमलेले पुस्तक पाठ करणार, आणि नेमलेल्या पुस्तकावर कुणी टिपणे काढली असतील तर ती पाठ करणार. आज आपण ‘गाईड’ला नावे ठेवतो, पण गाईडचा जन्म विद्यार्थ्याच्या आळसातून झाला असे मला वाटत नाही. परीक्षा जवळ आणि ग्रंथालय लांब, अशा व्यवस्थेतून तो झाला. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा चालवण्याची मुभा दिली खरी. पण तोवर जवळजवळ पन्नास वर्षांची सवय मुरली होती.

मुंबईत हे असे चालले असता, बडोद्याला एक मराठी राजा वेगळाच विचार करीत होता. सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. १८७५ साली दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ज्याला अक्षर उशिरा मिळाले, त्याने अक्षराचे मोल अधिक जाणले. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग पुढचा प्रश्न आला. मुलगा चौथी शिकला, पण हातात पुस्तक नाही, तर पाच वर्षांत सगळे विसरणार. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्यास आणले. मोठ्या शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, गावागावांत लहान ग्रंथालये, आणि जिथे तेही नाही तिथे लाकडी पेटीतून फिरती पुस्तके, अशी साखळी उभी राहिली. १९११ साली ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग निघाला. १९१२ साली ग्रंथालयांविषयीचे नियतकालिक निघाले, आणि त्यात इंग्रजी व गुजराती यांच्या जोडीला मराठी मजकूरही असे.

यातली मर्माची गोष्ट पेटी नव्हे, वर्ग आहे. पुस्तक पोचवणे पुरेसे नाही, पुस्तकापर्यंत माणसाला नेणारा माणूस तयार करावा लागतो, हे त्या राजाने ओळखले. आणि याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला: भीमराव रामजी आंबेडकर. तिथल्या ग्रंथालयात त्यांनी किती वाचले, आणि पुस्तकांवर त्यांचा जीव किती होता, हे आपण सारे जाणतो. १९१७ साली ते परतले, तेव्हा ज्या बोटीत त्यांचे सामान आणि पुस्तके होती ती युद्धात पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. तरी त्यांनी पुन्हा संग्रह जमवला आणि दादरला ‘राजगृह’ बांधले, ते माणसांइतकेच पुस्तकांसाठी. ज्या समाजाला शतकानुशतके पोथीला हात लावू दिला नाही, त्या समाजातल्या एका मुलापुढे उघडे ग्रंथालय आले, तर काय होते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणून ग्रंथालयाचे नियम हा मला निव्वळ कारकुनी विषय वाटत नाही. कपाट कुणासाठी उघडायचे, हा शेवटी न्यायाचा प्रश्न आहे.

ग्रंथालयाच्या कामाला आपल्या देशात शास्त्राचे रूप दिले ते शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. हे गृहस्थ मद्रासला गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. काम नाही, वाचक नाही, नुसते बसून राहायचे! ‘मला माझी शिकवण्याची नोकरी परत द्या,’ म्हणून ते प्राचार्यांकडे गेले. त्यांना सांगण्यात आले की एकदा लंडनला जाऊन या, तरीही पटले नाही तर परत घेऊ. लंडनमध्ये त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. तिथे लहानथोर, कामगार, बायका, मुले सगळे ग्रंथालयात येतात, हे पाहून त्यांचे मन पालटले. एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच नट-बोल्ट, पण जोडणी बदलली की वेगळी वस्तू तयार! विषयांचेही असेच भाग पाडून ते जोडता येतील, ही कल्पना त्यांना तिथे सुचली आणि त्यातून त्यांची वर्गीकरणाची पद्धत जन्मली. ती १९३३ साली छापून निघाली.

त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. माझ्या शब्दांत सांगायचे तर असे: पुस्तक वापरण्यासाठी असते, राखण्यासाठी नव्हे, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ फुकट जाऊ नये, आणि ग्रंथालय हे वाढत्या झाडासारखे असते. ऐकायला किती साधे! पण माझ्या त्या तीन दिवसांना हे पाच नियम लावून पाहा. पुस्तक राखले गेले, वाचकाला मिळाले नाही, पुस्तकाला वाचक मिळाला नाही, आणि वेळ तर गेलाच. ‘नाव सांगा’ असे विचारण्याऐवजी ‘तुला काय शोधायचं आहे?’ असे विचारणे, यालाच रंगनाथन संदर्भसेवा म्हणत. ती त्या दिवशी शिपाईमामांनी केली.

स्वातंत्र्य मिळाले. १९४८ साली डॉक्टर राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगाने ग्रंथालयांची दैना पाहिली आणि शिफारशी केल्या: विद्यापीठाच्या खर्चातला सुमारे सव्वासहा टक्के भाग, किंवा दर विद्यार्थ्यामागे चाळीस रुपये, ग्रंथालयावर खर्च व्हावा, विद्यार्थ्यांना कपाटापर्यंत मोकळा प्रवेश असावा, ग्रंथालय अधिक वेळ उघडे असावे, आणि विद्यार्थ्यांच्या अंगी ग्रंथांची जाण यावी म्हणून खास उपाय योजावेत. ही शेवटची शिफारस नीट ऐका. ‘माहिती साक्षरता’ हा शब्द आज शिक्षणाच्या चर्चेत वारंवार येतो. तो १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी पुढे आणला. माहिती कुठे मिळते, ती खरी की खोटी हे कसे पारखावे आणि ती प्रामाणिकपणे कशी वापरावी, हे येणे म्हणजे माहिती साक्षरता. तिचे बीज आपल्या आयोगाने झुरकोव्स्कींच्या पंचवीस वर्षे आधी पेरले होते. पण पेरले तेवढे उगवले नाही.

१९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे बळ मिळाले. त्याचे अध्यक्ष चिंतामणराव देशमुख हे आपल्या कुलाबा जिल्ह्यातले, संस्कृताचे रसिक. त्यांच्या काळात, १९५७ साली, रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली गेली, आणि मार्च १९५९ मध्ये ग्रंथालयांच्या कामकाजावर चर्चासत्रही झाले. पुढे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले की विद्यापीठाने दर वर्षी विद्यार्थ्यामागे पंचवीस आणि शिक्षकामागे तीनशे रुपये ग्रंथालयासाठी खर्चावेत. आकडे ठरले, समित्या झाल्या, अहवाल छापले गेले.

मग कुलूप का निघाले नाही?

श्रोते हो, याचे उत्तर मला हिशेबाच्या वहीत सापडते. वर्षअखेर पुस्तकांची मोजदाद होते. एखादे पुस्तक कमी भरले तर ग्रंथपालाला जाब विचारला जाई, आणि कित्येक ठिकाणी किंमत त्याच्या पगारातून कापली जाईल ही धास्ती असे. आता तुम्हीच सांगा, पुस्तक वाचले गेले नाही म्हणून कुणा ग्रंथपालाला कुणी जाब विचारला आहे? पुस्तक हरवणे हा गुन्हा, पण पुस्तक वीस वर्षे न उघडता कसरीने खाणे हा गुन्हा नाही! अशा स्थितीत शहाणा माणूस कुलूपच लावणार. दोष त्याचा नाही, नियमाचा आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत आता स्पष्ट म्हटले आहे की वर्षात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचांची तूट वाजवी समजावी. मात्र तीत लबाडी वा हयगय नसावी, आणि दुर्मीळ व मोठ्या किमतीच्या पुस्तकांची चौकशी व्हावी. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. खळ्यावर चार दाणे पाखरे नेतात, म्हणून कुणी पेरणी थांबवीत नाही.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ.

सोलापूर गिरण्यांचे गाव खरे, पण ग्रंथांचेही गाव आहे. हिराचंद नेमचंदांच्या नावाचे वाचनालय इथे आहे. जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जीवराज जैन ग्रंथमाला इथे उभी राहिली, आणि ‘तिलोयपण्णत्ति’ हा प्राचीन प्राकृत ग्रंथ १९४३ पासून तिच्यामार्फत छापून निघाला. डॉक्टर आ. ने. उपाध्ये आणि डॉक्टर हिरालाल जैन हे त्याचे संपादक. असे संपादन म्हणजे काय? एकाच ग्रंथाच्या ठिकठिकाणच्या पोथ्या जमवायच्या, एकात एक शब्द आणि दुसरीत दुसरा असेल तर कोणता विश्वासाचा ते ठरवायचे, आणि उरलेले शब्द खाली टीपेत द्यायचे, म्हणजे वाचकाला स्वतः पडताळता येईल. माहिती साक्षरता याहून वेगळी काय असते?

पदवीच्या शिक्षणासाठी १९४० साली इथे दयानंद कॉलेज निघाले, १९५३ साली संगमेश्वर. परीक्षा मात्र दूरच्या विद्यापीठाची. आधी मुंबईची, १९४९ साली पुणे विद्यापीठ झाले, तेव्हा पुण्याची. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी यांच्याबरोबर सोलापूर जिल्हा त्याला जोडला गेला. त्याचे पहिले कुलगुरू डॉक्टर आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे संशोधक. तिथले ग्रंथालय आज बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाने ओळखले जाते. पण करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या मुलाला कोल्हापूर तरी कुठे जवळ? सकाळची एस.टी. धरावी, दुपारनंतर पोचावे, दोन तास बसावे, आणि मुक्कामाची सोय नाही म्हणून परत फिरावे. मी स्वतः हे केले आहे.

अखेर १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, एकाच जिल्ह्यापुरते. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. १८५७ ते २००४ अशी जवळजवळ दीडशे वर्षे विद्यापीठाचे ग्रंथालय टप्प्याटप्प्याने आपल्याजवळ येत राहिले: मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि मग पुणे रस्त्यावरचे केगाव. अंतर संपले.

आणि तेवढ्यात ग्रंथालयाने घर सोडले! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे पीएच.डी.चे प्रबंध संगणकावर खुले ठेवण्याची वाट झाली. ‘शोधगंगा’ हे त्या भांडाराचे नाव. २०१० च्या सुमारास ‘एन-लिस्ट’ योजनेतून कॉलेजांना हजारो नियतकालिके आणि पुस्तके संगणकावर मिळू लागली. २०१८ साली राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळावीत, आणि तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये खर्चावेत, अशी ती योजना. आपल्या राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने तर ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे नवे नाव दिले.

म्हणजे आता जाळीची खिडकी नाही, चिठ्ठी नाही, कपाट नाही. पण म्हणून कुलूपही नाही का? आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. कॉलेजने वर्गणी भरलेली असते, पण विद्यार्थ्याला परवलीचा शब्द कुणी दिलेला नसतो. शब्द दिला तर काय शोधायचे ते कळत नाही. शोधले तर बहुतेक इंग्रजीत निघते, आणि पोरगा बिचकून मागे फिरतो. आणि मग हातातल्या फोनवर पहिल्या ओळीत जे दिसेल ते खरे मानून वहीत उतरवतो. आडात पाणी भरपूर आहे, पण पोहऱ्याला दोर नाही, अशी गत झाली आहे.

परवा वर्गात मी तोच जुना विषय दिला. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांचा अंमल किती दिवस नव्हता? निम्म्या मुलांनी तीन दिवस लिहिले, निम्म्यांनी चार. सगळ्यांनी फोनवरून घेतले होते. मी विचारले, ‘हे कुणी लिहिलं? कधी लिहिलं? कशावरून लिहिलं?’ वर्ग गप्प. मग आम्ही ग्रंथालयात गेलो. जिल्ह्याचे गॅझेटियर काढले, जुने १८८४ चे आणि नंतरचे. जुन्यात मार्शल लॉ नसणारच, कारण ते आधीचे आहे. पण हे कळायलाही सनाकडे बघायची सवय लागते. आठवणी लिहिणारे कोण, सरकारी अहवाल लिहिणारे कोण, दोघांचे हेतू काय, दिवस कुठून कुठपर्यंत मोजला, यावर मुले दोन तास भांडली. एक मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे दोन्ही उत्तरं कशी आली ते आता सांगता येतं.’ मला वाटते, पाठ केलेल्या उत्तरापेक्षा हे वाक्य मोलाचे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. यासाठी मोठे ग्रंथालय लागत नाही. शाळेत एक कपाट असते. त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणातून काढून मुलांपैकीच एका-दोघांकडे द्या. नोंदवही त्यांनाच ठेवू द्या. आठवड्यातून एक तास असा ठेवा, की शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही, फक्त प्रश्न द्यायचा, आणि मुलांनी पुस्तकातून शोधायचे. सोपे प्रश्न चालतील: आपल्या गावाचे नाव गॅझेटियरमध्ये आहे का? सोलापूरला रेल्वे कधी आली? अनुक्रमणिका कशी पाहावी, मागची सूची कशी पाहावी, विश्वकोशात नोंद कशी शोधावी, एवढे सातवीच्या मुलाला सहज येते. मराठी विश्वकोश आणि आपली गॅझेटियरे आता फोनवरही वाचता येतात. मुलांना वर्गात ती एकदा उघडून दाखवा. आणि जे घेतले ते कुठून घेतले, हे खाली लिहायची शिस्त लावा. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले, पण पदव्युत्तर वर्गात येऊन ती शिस्त लागत नाही. ती शाळेच्या वहीतच लागते.

गावच्या कारभाऱ्यांनाही एक सांगतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने आपल्या राज्यात सार्वजनिक वाचनालयांना अनुदानाची वाट करून दिली आहे. कोल्हापूर संस्थानाने तर असा कायदा १९४५ सालीच केला होता. तुमच्या गावचे वाचनालय संध्याकाळी उघडते का, एवढे आज जाऊन पाहा. पुस्तके किती आहेत ते विचारू नका. गेल्या महिन्यात किती बाहेर गेली, ते विचारा.

आणि कॉलेजांतल्या माझ्या सहकाऱ्यांना इतकेच, की पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक मुलाला एक दिवस हाताला धरून ग्रंथालयात न्या. ग्रंथपालांना शिक्षक समजा. आपण नेमलेल्या पुस्तकाबाहेरचा एक तरी प्रश्न विचारा, म्हणजे त्यांना तिकडे जावेच लागेल.

ते शिपाईमामा पुढे निवृत्त झाले. त्यांचे शिक्षण फार नव्हते. आयोगांचे अहवाल त्यांनी वाचले नव्हते, रंगनाथन हे नाव त्यांनी ऐकले असेल असे वाटत नाही. खिडकीशी रोज येऊन रित्या हाताने परत जाणारे एक पोर त्यांना दिसले, आणि खण कुठे आहे ते त्यांनी दाखवले. तो निबंध मी तीन पुस्तकांवरून लिहिला. आज मी इतिहास शिकवतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

आपल्या आसपास असे एखादे पोर उभे असेल, तर त्याला खण दाखवा.